बेबीदी आणि माधवचा आवाज

बेबीदी चहा खायच्या. पाणी खायच्या, सरबतही खायच्या. भाचीला मुलगा झाला तेव्हा त्याला बघून त्या तडक आमच्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गोड आहे गं! मी त्याचे इतके मुके खाल्ले!" माझा नवरा माधव म्हणाला, "मग आता जेवायचा आग्रह नको करायला." त्या मनापासून हसल्या, पण पुढच्या वाक्याला पुन्हा चहा खायला मागितला.

मूळ नाव कुमुद आपटे. आजोबा कोलकात्यातल्या एका देवनागरी छापखान्यात कामाला आले आणि पुढे परत गेलेच नाहीत. बेबीदींचा जन्म भवानीपूरचा, शाळा-कॉलेज तिथलंच, आणि आयुष्यभराची नोकरी एका मुलींच्या कॉलेजात, आधी गणित आणि मग कॉम्प्युटर शिकवायची. घरात त्या 'बेबी' होत्या. बंगालीत ताईला 'दी' म्हणतात, म्हणून बाहेर 'बेबीदी' झाल्या, आणि सत्तरीला आल्या तरी बेबीदीच राहिल्या. मराठी घरात बोलून टिकवलेलं, पण त्याला बंगालीचा वारा लागलेला. बंगालीत पिणंही 'खाणं'च असतं आणि शब्दांना लिंग नसतं, त्यामुळे बेबीदींच्या मराठीत 'माझा साडी' असायचा आणि 'तुझी डबा' असायची. कॉम्प्युटर कायम 'ती'. "ती काय म्हणते?" असा त्यांचा फोन आला की घरी कोणी आजारी आहे का, असा नवख्याचा समज व्हायचा.

माधव केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होता. बदलीवर आम्ही कोलकात्यात आलो आणि लेक गार्डन्सला, स्टेशनापासून जवळच, राहू लागलो. मुलगी इरा तेव्हा नुकतीच नोकरीसाठी बंगळुरूला गेली होती. नवं शहर, नवी भाषा, आणि घरात दोघंच. पण माधव असला की घर कधी रिकामं वाटायचं नाही, कारण त्याचा आवाज. तो भाजीवाल्याशी बोलला तरी वरच्या मजल्यावरच्या मुखर्जीकाकू गॅलरीत यायच्या. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पहिल्याच वर्षी आरती सांगायचं काम त्याच्याकडे आलं ते कायमचं.

बेबीदींची ओळख त्याच गणपतीत झाली. आरत्यांचे शब्द पडद्यावर दाखवायची सोय केलेली होती, कारण इथं वाढलेल्या मुलांना आरत्या पाठ नसतात. ऐन आरतीच्या आधी पडदा कोरा. लॅपटॉपभोवती मंडळाचे झाडून सगळे पुरुष गोळा झाले. एक जण हे बटण दाबतोय, दुसरा ते, तिसरा वायर काढून पुन्हा लावतोय. तेवढ्यात तांताची, म्हणजे बंगाली हातमागाची सुती साडी, पायात पांढरे खेळाडूंचे बूट आणि काखेत छत्री अशा एक बुटक्या बाई गर्दीत शिरल्या.

"सगळे हात वर," त्या म्हणाल्या.

आणि खरोखर सगळ्यांनी हात वर केले. मी अजून हसते ते आठवून. बँकेतून निवृत्त झालेले दोन मॅनेजर आणि एक डॉक्टर, दरोडा पडल्यासारखे हात वर करून उभे.

"आता सांगा, शेवटी चालली होती तेव्हापासून कोणी काय केलं? मी रागावणार नाही."

प्रत्येकानं सांगितलं, "मी काही नाही केलं."

"बरं," बेबीदी म्हणाल्या. "मग न केलेलं सांगा."

लोक हसले, आणि हसण्यात एका मॅनेजरसाहेबांच्या तोंडून निघून गेलं की, सकाळी जरा आवराआवर म्हणून त्यांनी फायली एका नव्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. बेबीदींनी त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. "छान. आता सापडेल." एवढंच. पुढच्या मिनिटाला शब्द पडद्यावर आले आणि माधवनं सुखकर्ता सुरू केली.

त्यांचं हे सगळ्यांना माहीत झालं होतं. बिघाड ऐकताना त्या पंखा बंद करायला लावायच्या, यंत्राची घरघर नीट ऐकू यावी म्हणून. आधी हात धुवायच्या. पिशवीत चष्म्याची एक जुनी डबी असायची. तिच्यात पेनड्राइव्ह, आणि प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. आणि दोन गोष्टी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकल्या नाहीत. एक, "मी सांगितलं होतं ना?" आणि दुसरी, "सोपं आहे." दुसरीबद्दल मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, सोपं म्हटलं आणि एखाद्या मुलीला नाही आलं, तर ती बिचारी विचारायची बंद होते."

माधवच्या घशात गाठ निघाली त्या वर्षी आम्हाला शहर चांगलंच कळलं, म्हणजे इस्पितळांच्या रांगांमधून कळलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी अंगारा आणला, कोणी मुंबईच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. आणि एक चमत्कारिक गोष्ट माझ्या लक्षात आली. लोक माधवसमोर बसून प्रश्न मला विचारायचे. "यांना कसं वाटतंय? हे जेवतात का?" अजून त्याचा आवाज गेलाही नव्हता, फक्त बसला होता, तरी लोकांनी त्याला बोलण्यातून वजा केलं होतं.

बेबीदी आल्या, हात धुतले, माधवच्या समोर खुर्ची ओढली आणि त्यालाच म्हणाल्या, "माधवबाबू, ऑपरेशन कधी?"

त्यानं घोगऱ्या आवाजात वार सांगितला.

"मग आपल्याकडे थोडे दिवस आहेत. तुमचा आवाज ठेवून घेऊ."

पिशवीतून त्यांनी मायक्रोफोन काढला. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक साधं पान बनवलं, रंगीत चौकोनांचं. चौकोनावर दाबलं की माधवच्या आवाजात एक वाक्य वाजणार. सुरुवातीला मी सुचवत होते ती वाक्यं अशी: पाणी दे. दुखतंय. पंखा लाव. माधव मुकाट्यानं ती म्हणत होता. बेबीदींनी थोडा वेळ ऐकलं आणि मायक्रोफोन बाजूला ठेवला.

"ही सगळी पेशंटची वाक्यं झाली. ती नर्सला खुणेनंही कळतील. वसुधा, हा माणूस तुझ्याशी भांडतो तेव्हा काय म्हणतो?"



"'तू ऐकतेस कुठे!' म्हणतो," मी म्हटलं.

"म्हणा, माधवबाबू."

"असं कसं म्हणू? राग यायला हवा ना!"

"वसुधा, त्याला राग आण."

मी काय बोलले ते आता आठवत नाही, बहुतेक त्याच्या नाशिकच्या आत्याबद्दल काहीतरी बोलले. माधव उसळून म्हणाला, "तू ऐकतेस कुठे!" आणि बेबीदींनी बटण दाबून ते टिपलं. त्यानंतर तो खुलला. भाजीवाल्याशी घासाघीस, क्रिकेट बघताना द्यायच्या शिव्या, वीज गेली की काढायचा उद्गार, इराला रोज संध्याकाळी फोनवर विचारायचं "जेवलीस का गं?", सगळं त्यानं भरून ठेवलं. खोकला आला की बेबीदी थांबायच्या. घड्याळाकडे बघायच्या नाहीत, "झालं का?" म्हणायच्या नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहायच्या.

तेवढ्याची नक्कल त्या आपल्या पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या. पण इस्पितळात भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी बेबीदी नव्हत्या आणि माधव एकटाच कॉम्प्युटरपुढे बसला होता. मी स्वयंपाकघरात होते. तो बराच वेळ बोलत होता. काय, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो आणि परत आलो तेव्हा त्याच्या गळ्यावर श्वासासाठी एक छिद्र होतं, त्यावर सुती फडकं, आणि त्याचा सगळा आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये होता.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही आणलं. त्यातून निघणारा सपाट, पत्र्यासारखा आवाज ऐकून माधवनं ते कपाटात ठेवून दिलं. त्याला पाटी पुरत होती, आणि बेबीदींचं पान. हळूहळू घर पुन्हा बोलू लागलं. संध्याकाळी इराचा फोन आला की तो कॉम्प्युटरजवळ फोन धरायचा आणि चौकोन दाबायचा. "जेवलीस का गं?" तिकडून इरा तेच उत्तर रोज नव्यानं द्यायची.

दुर्गापूजेच्या सुट्टीत इरा आली. बाबांचा कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून तिनं साफसफाई केली आणि त्यात आवाजाचं फोल्डरच उडालं. लगेच लक्षात आलं, टाकाऊ फायलींच्या डब्यातून ते परतही मिळालं. पण माधवचा चेहरा पांढरा पडला होता. इरा परत गेली, तरी ती धास्ती त्याच्या मनातून गेली नाही.

मग एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काळा पडदा, त्यावर गोल फिरणारे ठिपके, एक इंग्रजी ओळ, आणि पुन्हा काळा पडदा. मी दुकानदाराला फोन केला. तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, ले आइए, फॉरमॅट मार देंगे." फॉरमॅट मारणं म्हणजे पाटी पुसणं, एवढं मला कळत होतं. मी फोन ठेवला आणि बेबीदींना लावला.

"तिला बंद कर," त्या म्हणाल्या. "वायर काढ. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मी येते."

आल्या. हात धुतले. मी घाईघाईनं सांगायला लागले, तशी त्यांनी मला हातानं थांबवलं आणि माधवकडे वळल्या. "काय झालं?"

माधवनं पाटीवर लिहिलं, 'मी काही नाही केलं.'

"बरं. मग न केलेलं सांगा."

माधवचे खांदे हलले. आवाज गेल्यापासून तो असाच हसायचा. मग त्यानं लिहायला घेतलं. पाटी लहान, खडू मोडला. मला राहवेना, मी पुढे होऊन काहीतरी अंदाजानं बोलणार होते. बेबीदी माझ्याकडे पाहतही नव्हत्या. पाटी भरली की त्या वाचायच्या, पदरानं पुसायच्या आणि परत त्याच्या हातात द्यायच्या.

झालं होतं असं. फायली कोणी बघायच्या, कोणी बदलायच्या याच्या परवानग्या असतात, हे माधवनं कुठेतरी वाचलं. पुन्हा कोणाच्या हातून आवाज पुसला जाऊ नये म्हणून त्यानं ती यादी उघडली. तिथं त्याच्या नावाशिवाय आणखी नावं दिसली: सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, असली. 'हे कोण लोक माझ्या घरात?' असं त्यानं पाटीवर लिहिलं. म्हणून त्यानं सगळी नावं काढून टाकली आणि फक्त स्वतःचं ठेवलं. तेही एका फोल्डरवर नाही, अख्ख्या डिस्कवर.

"छान," बेबीदी म्हणाल्या. "म्हणजे ती बिघडली नाहीये. ती तुमचं ऐकतेय. सिस्टिम म्हणजे ती स्वतः, माधवबाबू. रोज सकाळी तुमच्या आधी उठून तीच सगळं उघडते. तुम्ही तिलाच आत यायला मनाई केली. ती बिचारी दारात उभी आहे."

माधवनं कपाळावर हात मारला.

"आधीचा आवाज तुमच्या पेनड्राइव्हवर आहे, पण शेवटच्या संध्याकाळचा? तो आत आहे ना?" मी विचारलं.

"असेल असं वाटतं. पण बघितल्याशिवाय मी आहे म्हणणार नाही."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला. 'आहे गं, काळजी नको' एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आता वाटतं, माधवला तेव्हा जगातलं कोणीतरी एक खरं बोलणारं हवं होतं. तो बेबीदींच्या तोंडाकडे बघत होता आणि त्यांच्यावर विश्वास टाकत होता.

कॉम्प्युटरच्या दुरुस्तीच्या पडद्यावरून त्यांनी आत शिरायचा प्रयत्न केला. उत्तर एकच: प्रवेश नाही. मग लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह लावून पाहिला. आमचा कॉम्प्युटर जुना, त्याला तो ओळखूच येईना. दुपार झाली. बेबीदींनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आज पुरे. उद्या तिच्या वयाचा पेनड्राइव्ह करून आणते. आता मला गाडीनं बजबजला जाऊन क्लास घ्यायचा आहे, आणि मी थकले आहे. थकलेल्या हातानं असल्या गोष्टींना हात लावायचा नाही."

त्या संध्याकाळी इराचा नेहमीप्रमाणे फोन आला. "बाबा?" ती म्हणाली. माधवनं फोनवर बोटानं टकटक केलं. "बाबा, मी जेवले," ती म्हणाली, न विचारताच. माधवनं आणखी एकदा टकटक केलं आणि फोन माझ्याकडे देऊन गॅलरीत निघून गेला. मी इराला खरं सांगितलं. ती रडली, कारण साफसफाई तिनंच केली होती.

दुसऱ्या दिवशी बेबीदी सकाळीच आल्या. नव्या पेनड्राइव्हला निळा दोरा होता. या वेळी पडद्यावर वेगळंच चित्र उमटलं. पेनड्राइव्हमध्ये दुसरीच एक यंत्रणा होती, आमच्या डिस्कवरच्या परवानग्या न विचारता ती आत बघू शकत होती. बेबीदींनी पंखा बंद करायला लावला. फोल्डरमागून फोल्डर उघडत गेली. आणि मग ते दिसलं, आवाजाचं, सगळ्या फायली ओळीनं मांडलेलं.

"दिसला म्हणजे मिळाला असं नाही," त्या म्हणाल्या. आधी एक नक्कल केली, मग दुसरी, वेगळ्या पेनड्राइव्हवर. "आता एक वाजवून बघू. कुठली?"

माधवनं पाटीवर लिहिलं, 'शेवटची.'

खोलीत खरखर ऐकू आली. मग माधवचा आवाज. तो जुना, वरच्या मजल्यापर्यंत जाणारा, थोडा घोगरा. "हे चालू झालं का? दिवा तर लागलाय... वसुधा! अगं वसुधा! कुकरच्या शिट्ट्या मोजतेयस का?" आणि लांबून, स्वयंपाकघरातून, माझा आवाज: "तुम्ही बोला हो तुमचं, मला कामं आहेत."

बेबीदींनी लगेच बटण दाबून ते थांबवलं. "हे तुमचं आहे. पुढचं तुम्ही दोघं ऐका." आणि उठून गॅलरीत गेल्या, आमच्याकडे पाठ करून खालचं झाड बघत उभ्या राहिल्या.

परत आल्या तेव्हा मला वाटलं आता त्या भराभर दुरुस्त करून टाकतील. पण त्यांनी कीबोर्ड माधवपुढे सरकवला.

"तुम्ही बंद केलंत ना? मग उघडायचं पण तुम्हीच."

त्यात शिक्षा नव्हती. आवाजातला तो फरक मला कळतो. नक्कल आता हाती होती, म्हणून पुन्हा कालच्या दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन त्या एकेक अक्षर सांगत होत्या, माधव टाइप करत होता. कुठे जागा सोडायची, कुठे रेघ द्यायची, सगळं. काढून टाकलेलं प्रत्येक नाव तो परत बसवत होता. शेवटी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. ठिपके फिरले. काळा पडदा.

माधवनं कीबोर्ड दूर लोटला.

बेबीदींनी पडद्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर डिस्कची अक्षरं बदलतात. मी तुम्हाला सी सांगितलं, तिथं ते डी आहे. आपण दुसऱ्याच घराची दारं उघडत बसलो होतो." आणि कीबोर्ड परत त्याच्यापुढे ठेवला. "पुन्हा."

त्यानं पुन्हा सगळं टाइप केलं. या वेळी पडद्यावरून ओळी धावू लागल्या, खूप वेळ धावत राहिल्या. मी चहा केला, तो निवला, ओळी धावतच होत्या. मग कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, सुरू झाला, ठिपके फिरले आणि निळं आकाश उघडलं. रंगीत चौकोनांचं पान.

माधवनं माझ्याकडे पाहिलं, बेबीदींकडे पाहिलं आणि एक चौकोन दाबला.

"तू ऐकतेस कुठे!"

आम्ही तिघंही हसलो. माधवचे नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बेबीदी म्हणाल्या, "ऐकते हो, ऐकते. आता मला चहा खायला द्या." जाताना त्यांनी रोजच्या वापरासाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं करून दिलं आणि माधवला बजावलं, "बंद करायची तर एक खोली बंद करा. घर नाही."

त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कधीच जमलं नाही. मी पुरणपोळी दिली, त्यांनी ती खाल्ली, आणि माझ्या आभाराच्या वाक्याच्या मध्येच बाकीच्या पोळ्या भाचीसाठी बांधून मागितल्या.

माधव निवृत्त झाला आणि आम्ही नाशिकला परत आलो. गेल्या हिवाळ्यात मंडळातल्या एका बाईंचा फोन आला की बेबीदी गेल्या. थोड्या दिवसांचं आजारपण, मग एका दुपारी शांतपणे. मी माधवला सांगितलं. तो कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. कुठलाही चौकोन दाबला नाही.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या बजबजला.

नदीकाठच्या त्या गावात, ज्यूट गिरण्यांच्या वस्तीजवळ, एका क्लबाच्या खोलीत त्या बायकांना आणि मुलींना कॉम्प्युटर शिकवायच्या. आम्ही कोलकाता सोडायच्या आधी त्यांनी माधवला निमंत्रण दिलं. "पाहुणे शिक्षक म्हणून या," म्हणाल्या. तो गमतीत हो म्हणाला, म्हणजे मान हलवली. तिथं गेल्यावर कळलं की गंमत नव्हती.

खोलीत जुने कॉम्प्युटर, प्रत्येकापुढे दोघी-तिघी. बेबीदी बंगालीत म्हणाल्या, "हे माधवबाबू. यांनी एकदा आपला कॉम्प्युटर पूर्ण बंद पाडला होता आणि स्वतःच्या हातानं परत उघडला. आज ते आधी बंद कसा पाडायचा ते दाखवतील. मग आपण उघडू." आणि एक जुनं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं.

माधव क्षणभर बिचकला. मग त्यानं बाह्या सरसावल्या. त्यानं ती यादी उघडली, एकेक नाव खोडून दाखवलं, आणि प्रत्येक नाव गेलं की बायका "एऽऽ बाबा!", म्हणजे 'अरे बापरे', करून ओरडत होत्या. यंत्र बंद पडलं तेव्हा टाळ्या पडल्या. पुढचा बराच वेळ सगळ्या मिळून ते उघडत होत्या, आणि माधव खडू घेऊन फळ्याशी उभा होता, डिस्कचं अक्षर बदलतं ते ठळक अधोरेखित करत. आजारपणानंतर मी त्याला तसा ताठ उभा राहिलेला पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी एका तरुण बाईनं विचारलं, "बंद पडला तेव्हा तुम्हाला राग आला होता का?"

माधवनं फळ्यावर हिंदीत लिहिलं, 'डर लगा था.' लिहायला त्याला वेळ लागला. 

संध्याकाळी बेबीदी आम्हाला स्टेशनवर सोडायला आल्या. बजबज म्हणजे त्या मार्गाचं शेवटचं स्टेशन, तिथूनच गाडी सुटते, म्हणून बसायला खिडकी मिळाली. त्या खिडकीच्या गजाला धरून बाहेर उभ्या होत्या. मी मनात ठरवून आले होते की आज सगळं नीट बोलायचं, त्यांनी आमच्यासाठी काय केलं ते. मी "बेबीदी," म्हणून सुरुवात केली आणि तेवढ्यात क्लासमधली ती तरुण बाई धावत प्लॅटफॉर्मवर आली. तिला काहीतरी विचारायचं राहिलं होतं. बेबीदी तिच्याकडे वळल्या. छत्री काखेत, मान थोडी कलती, तिचं बोलणं ऐकत उभ्या.

गाडीनं झटका दिला. माधवनं खिडकीतून दोनदा जोरात टाळी वाजवली. बेबीदींनी आमच्याकडे न बघता हात मागे करून तळवा दाखवला: थांबा, हिचं होऊ दे.

गाडी थांबली नाही.